आशीर्वादाचे टायर

टायर कुठला घ्यावा यावर गोबीच्या वाळवंटातल्या आमच्या शारखुल्स गावातल्या प्रत्येक पुरुषाला मत असतं, आणि ते तो कुणी विचारायच्या आत देऊन मोकळा होतो. ज्याच्याकडे गाडी आहे तो देतो, ज्याच्याकडे नाही तो जरा जास्तच देतो. पेट्रोल पंपावर चार जण जमले की दुसऱ्याच्या चाकाला बुटाच्या टोकाने लाथ मारून बघायची आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "हे काय घेतलंस? ह्याला दात तरी आहेत का?" टायरला दात हवेत. मोठे हवेत. लांबून दिसले पाहिजेत. गाडीच्या आत कोण बसणार आहे, हा प्रश्न त्या पंपावर आजवर कुणी काढलेला नाही.

दुल्माला या गोष्टीचा संताप यायचा, आणि तो रास्त होता. तिच्या गाडीत कोण बसतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवरा गेला तेव्हा त्याची जुनी लँड क्रूझर मागे राहिली. लोक म्हणाले, विकून मेंढ्या घे. दुल्माने मागची सीट काढून टाकली, तिथे उंटाच्या लोकरीची गादी घातली, गादीखाली तीन पदरी बुरणूस घातला, आणि आसपासच्या माळांवरच्या दिवस भरत आलेल्या बायकांना जिल्ह्याच्या प्रसूतिगृहात पोचवायला लागली. दिवसभराची वाट. आधी नदीतले गोटे, मग खिंड, मग ते काळ्या दगडांचं पठार, ज्यावर वाऱ्याने आणि ट्रकांनी मिळून धुण्याच्या फळीसारख्या वळ्या पाडल्या आहेत. गावातली निम्मी शाळा दुल्माच्या गादीवरून जन्माला गेली होती.

गाडीत तिचा एकच कायदा होता, आणि तसा तो आमच्याकडच्या सगळ्याच ड्रायव्हरांचा असतो: किती राहिलं, कधी पोचू, हे विचारायचं नाही. विचारलं की वाट लांबते, नाहीतर काहीतरी मोडतं. दुल्मा यात जरा कडकच होती. एका बँकेतल्या साहेबाने खिंडीच्या अलीकडे घड्याळ बघून तोंड उघडलं, तर तिने त्याला बॅगेसकट खाली उतरवलं आणि म्हणाली, "चालत जा, म्हणजे बरोबर कळेल किती राहिलं ते."

टायर ती स्वतः निवडायची. जिल्ह्याच्या बाजारात टायरच्या थप्प्या उघड्यावर, थंडीत पडलेल्या असतात. दुल्मा हातमोजा काढून अंगठ्याचं नख रबरात रोवून बघे. गार असताना ज्यात नख शिरत नाही, त्याचं आमच्या पहाटेच्या थंडीत लाकूड होतं. मग टायर आडवा पाडून त्याच्या बगलेवर गुडघा टेकून सगळा भार टाकायचा. बगल लवली पाहिजे. न लवणारी बगल दगडाचा धक्का जसाच्या तसा वर पाठवते. दुकानदार हसायचा. "ताई, टायर घेताय की गादी?"

"गादीच. का ते तुला नववा महिना लागला की सांगेन."

पण खरं ते सांगितलं पाहिजे. मऊ बगल फाटतेही लवकर. मागच्या शरदात एकाच फेरीत दुल्माचे दोन टायर पठारावर फाटले, जवळ जादा चाक एकच होतं, आणि आठ महिन्यांची एक बाई अर्धा दिवस वाऱ्यात बसून राहिली. तिला काही झालं नाही, पण बोलणाऱ्यांना तेवढं पुरलं. पंपावर त्या दोन टायरांचं श्राद्ध हिवाळाभर चाललं होतं. दुल्मा ऐकून घ्यायची, कारण या वेळी त्यांचं अगदीच खोटं नव्हतं, आणि त्यामुळे तिला आणखी राग यायचा.

तिच्या धाकट्या दिराने, गोम्बोने, हे सगळं मनावर घेतलं. गोम्बो खाणीवर कोळशाचे ट्रक चालवायचा, स्वतःचे, आणि त्यात त्याचा चांगला जम बसला होता. त्याच्या धंद्यात तो हुशारच होता. कोळसा हादऱ्यांची तक्रार करत नाही, एवढंच.

त्या वर्षी पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला सगळं कुटुंब सासऱ्यांकडे, सोदनोम आजोबांच्या घरी जमलं. ताटावर बूझचे, मांस भरलेल्या उकडीच्या मोदकांचे डोंगर, तपकिरीच्या कुप्या या हातातून त्या हातात, अंगावर नवे रेशमी देल, पायघोळ अंगरखे, आणि अंगणात गोम्बोची गाडी. गाडीतून त्याने चार टायर काढले. नव्या रिंगांवर चढवलेले, हवा भरलेले, प्रत्येकाला निळी रेशमी पट्टी बांधलेली. काय ते टायर! एकेक दात मुठीएवढा, बगल भिंतीसारखी जाड, आणि उंची इतकी की लँड क्रूझर त्यांच्यापुढे लहान दिसायला लागली. नाकापेक्षा मोती जड.

"वहिनी," गोम्बो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता गोबीतला एक दगड तुमच्या चाकात शिरला तर मला बोला. हे खाणीवर चालतात. सुरीने कापायला गेलात तर सुरी तुटेल."

पुरुषांनी एकामागून एक येऊन बूट मारून बघितले. या वेळी कुणी तोंड वाकडं केलं नाही. दुल्माने हातमोजा काढून नख लावलं. नख मोडलं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण इथे तर गाय दात दाखवायलाच आणली होती.

ती काही बोलणार तेवढ्यात सोदनोम आजोबा वाटी घेऊन बाहेर आले. नव्या वस्तूला दूध लावून तिचं भलं चिंतायचं, ही आमची रीत. आजोबांनी चारही टायरांना बोटाने दूध लावलं आणि खणखणीत आवाजात आशीर्वाद म्हटला. पुढची वाट पांढरी असो, मागची वाट मोकळी असो, असा तो लांबलचक होता. तो संपेपर्यंत अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या आशीर्वादानंतर ती वस्तू नको म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याचे शब्द त्याच्याच तोंडात परत कोंबणं. शिवाय सणाचे पहिले दिवस. या दिवसांत जो भांडतो तो वर्षभर भांडतो. दुल्माने दोन्ही हात पुढे करून मान लववली आणि आतल्या आत दात इतके आवळले की रात्री तिची दाढ दुखली.

त्याच संध्याकाळी बादराखने, तिच्या मुलाने, काकाच्या मदतीने जुनी चाकं काढून पडवीत टाकली आणि नवी चढवली. दुल्माला कुणी विचारलं नाही. विचारलं नाही यापेक्षा, विचारावं असं कुणाच्या मनातच आलं नाही, याचा तिला संताप होता.

आणि तिसऱ्या दिवशी तिला जिला न्यायचं होतं, ती कुणी परकी नव्हती. बादराखची बायको सोलोंगो. पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. या वेळी जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "वार खाली आहे. सणासाठी थांबताय तेवढं पुरे. तिसऱ्या दिवशी निघा आणि हळू आणा. हादरे नकोत. रक्त जायला लागलं तर वाटेत तुमच्या हातात काही नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंगणात उभे. थोरल्या जाऊबाईंनी चाकांवर दूध शिंपडलं. सोलोंगो गादीवर उशांमध्ये आडवी झाली, बादराख तिच्या पायाशी बसला. गोम्बो चाकाकडे बघत म्हणाला, "निश्चिंत जा, वहिनी. डोळे मिटून चालवा."

गावाबाहेर आल्यावर दुल्माने गाडी थांबवून चारही चाकांची हवा कमी केली. एरवी एवढी हवा काढली की टायर दगडावर पसरतो, पिठाच्या गोळ्यासारखा. हे पसरले नाहीत. बगल तशीच ताठ. शिवाय रात्रभर थंडीत उभं राहून त्यांना खालून सपाटी आली होती, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला दण्, दण्, दण्. नदीतल्या गोट्यांवर आल्यावर तर मोजदादच राहिली नाही. स्टिअरिंग तिच्या हातातून दातांपर्यंत पोचत होतं. दुल्मा गाडी इतकी हळू चालवत होती की एक उंट तिच्या बरोबरीने चालून पुढे गेला. तरीही दण्.

मागून आवाज नव्हता. सोलोंगो गुणी सून होती. सासूपुढे पाय पसरायची नाही, आजेसासऱ्यांसमोर डोळे वर करायची नाही. आरशात दुल्माला तिचा एक हात दिसत होता, आधी उशीवर, मग पोटाखाली. आणि मग ती अगदी हळू म्हणाली,

"आई, अजून किती राहिलं?"

बादराखने दचकून तिच्या तोंडावर हात ठेवला. दुल्माच्या कानशिलात रक्त चढलं. बारा गावचं पाणी प्यायलेल्या बायांनी तिच्या गाडीत हा प्रश्न कधी केला नव्हता, आणि ही, जी चहात मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाही! आणि मग तिच्या लक्षात आलं. चहात मीठ कमी आहे हे जी सांगत नाही, तिने हे विचारलंय.

तिने गाडी थांबवली. "दुखतंय?"

"नाही," सोलोंगो म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्रत्येक वेळी. खालून ढकलल्यासारखं. आई, मी विचारायला नको होतं."

"कधीच विचारायला हवं होतंस," दुल्मा म्हणाली आणि गाडी वळवली.

"आई, परत?" बादराख ओरडला. "निघालेली वाट मोडायची? सणात?"

"तू तिचे पाय धर. तोंड मला नको दाखवूस."

अंगणात मंडळी मेंढीच्या हाडांचे फासे टाकत बसली होती. गाडी परत येताना बघून सगळे उभे राहिले. गोम्बो हसत पुढे आला. "काय विसरलात, वहिनी?"

"अक्कल. परवा इथेच काढून ठेवली होती. जॅक आण, ही चाकं उतरव. माझी जुनी पडवीत आहेत."

कुणालाच आधी कळेना. कळलं तेव्हा गोम्बोचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "चार टायर शहरातून आणले मी. तुमच्यासाठी! गावभर तुमची छी थू झाली म्हणून. आणि त्या घासलेल्या चामड्यांवर तुम्ही पोटुशी बाई पठारावर नेणार?"

"सूनबाई," सोदनोम आजोबा दारातून म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण बायका मागे सरकल्या. "आज तिसरा दिवस. चाकांना दूध लागलंय."

एवढ्यावर दुल्मा कदाचित गप्प राहिलीही असती. एवढ्या वर्षांत सासऱ्यांसमोर तिने आवाज काढला नव्हता. पण ते दुधाचं ऐकल्यावर तिचा बांध फुटला.

"लागलंय ना! चाकांना दूध लागलं, बाबा. चाकांना रेशीम बांधलं. चाकांना आशीर्वाद मिळाला. गावातल्या प्रत्येक टोपीवाल्याने चाकांची चौकशी केली. आणि त्या पोरीला कुणी विचारलं? तुला कसं जायचंय, तुला काय सोसतं, एकाने तरी? गोम्बो, तुझा कोळसा ओरडत नाही रे, म्हणून तुला वाटतं जो ओरडत नाही तो कोळसाच! आणि मी कोण मोठी? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझं नख मोडलं तिथेच कळलं होतं. सण आहे, म्हातारे दुखावतील, म्हणून मी तोंड शिवून बसले आणि तिला दगडांवर घातली. आग लागो असल्या—"

ते वाक्य तिने पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. जाऊबाईंनी तोंडाला बाही लावली. आजोबांनी तपकिरीची कुपी देलमध्ये सरकवली, वळले आणि आत गेले. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बादराख मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "बादराख, बुटांकडे नंतर बघ, ते कुठे जात नाहीत. पाना घे."

बादराखने पाना घेतला. गोम्बो हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. पण तिसऱ्या चाकाचा एक नट गारठून बसला होता, पोराला काही केल्या फिरेना, आणि कुणीतरी नटाशी चुकीच्या बाजूने झटतंय हे गोम्बोला बघवेना. तो आला, पुतण्याला ढकलून बाजूला केलं आणि पान्यावर उभा राहिला.

"पठारावर फाटणार हे," तो दुल्माकडे न बघता म्हणाला. "मग बसा वाऱ्यात, मागच्यासारखं."

"फाटतील. म्हणून तुझी दोन वर बांध."

त्याने बांधली, आणि दोर असा आवळला जसा काही तो वहिनीचाच गळा होता.

पुन्हा दूध शिंपडायला कुणी आलं नाही. गाडी तशीच निघाली. तेच नदीतले गोटे, पण या वेळी टायर दगडांवरून दबक्या पावलांनी चालणाऱ्या म्हातारीसारखा जात होता. सोलोंगोने खिंडीत पुन्हा विचारलं, किती राहिलं. दुल्मा म्हणाली, "खिंड झाली की निम्मं." पठारावर तिने परत विचारलं. दुल्माने परत सांगितलं. आयुष्यभराचा कायदा तिने त्या दिवशी मोडला, आणि दर वेळी खरं सांगितलं, लांब होतं तेव्हा लांब आहे म्हणून.

आणि मागचा डावा टायर फाटला. काळ्या दगडांचं पठार संपायच्या अलीकडे, हातभर चीर. गाडीतलं जादा चाक तिने खिंडीनंतर पहिला टायर फाटला तेव्हाच चढवलं होतं. आता वर बांधलेली दोन उरली. दुल्माने वर पाहिलं, गोम्बोच्या नावाने दोन शब्द हासडले, ते एक चाक खाली घेतलं आणि चढवलं. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपाता घातलेल्या माणसासारखी गाडी वाकडी झाली. उरलेली वाट तिने माणसाच्या चालीने काढली. बादराख मध्येच उतरून गाडीपुढे चालत मोठे दगड उचलून बाजूला टाकत राहिला, आणि तेवढ्यापुरता तिला मुलगा परत आवडला.

दवाखान्याच्या दारात सोलोंगोला उतरवताना तिच्या देलला मागे लाल डाग होता. रुपयाएवढा. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला आणि चाकांची खाट आत ढकलली. बाहेरच्या बाकावर बसून दुल्मा देवाला काही मागायला गेली, तर तिला आजोबांचं लागलेलं दार आठवलं आणि काय मागावं ते सुचेना. ती नुसती बसून राहिली, ग्रीसने काळे झालेले हात मांडीवर पालथे टाकून. बऱ्याच वेळाने आतून जो आवाज आला तो इतका चिडका होता की शेजारची बाई म्हणाली, "ही तुमच्यावर गेलीय."

मुलगी. पोट उघडून काढावी लागली, पण दोघी धड.

सकाळी फोन आला. गोम्बो. मागे सगळं घर जमल्याचा गलका. "वहिनी! अभिनंदन! बघा, म्हटलं नव्हतं मी? बादराखने सांगितलं सगळं. शेवटी माझाच टायर कामाला आला ना? पंपावर सगळे तेच म्हणतायत, बाबांचं दूध लागलेल्या टायरने पोर आणली!"

दुल्मा सोलोंगोच्या खाटेशेजारी उभी होती. तिचा जो राग रात्रभर दमून झोपला होता तो एका क्षणात जागा झाला. म्हणजे पंपावर आता हे चालणार. सहा वर्षांनी ही पोर शाळेत जाईल तेव्हा तिलाही हेच सांगणार.

"आला ना कामाला," ती म्हणाली. "एक चालला. दुसरा सगळी वाट डोक्यावर बसून आला. तुझ्यासारखा."

पलीकडे हशा उसळला. जाऊबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. गोम्बो काहीतरी म्हणत होता, पण मध्येच फोन कुणीतरी काढून घेतला आणि हशा एकदम बसला. श्वासाची घरघर ऐकू आली.

"सूनबाई."

दुल्मा ताठ उभी राहिली, जशी काही ती त्यांच्या अंगणातच होती. माफी मागावी असं तिच्या मनात आलं, आणि मागू नये असंही आलं.

म्हातारा खाकरला. पुन्हा खाकरला. "पोरीला... फार हादरे बसले का?"

दुल्माकडे उत्तर होतं. चांगलं लांब होतं, कालपासून तयार होतं. तिने ते गिळलं.

"तिलाच विचारा, बाबा," ती म्हणाली, आणि फोन सोलोंगोच्या कानाला लावला.

सोलोंगोने ऐकून घेतलं. सवयीने तिची नजर खाली गेली. मग तिने छातीवरच्या गाठोड्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि आजोबांना म्हणाली, "बसले, आजोबा. नव्या टायरांवर फार बसले."